टाइप २ आणि टाइप ७: शिकवणारी पाणबुडी, लढणारी पाणबुडी

टाइप २ आणि टाइप ७ हे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचे दोन प्रकार; बी, सी हे त्यांचे उपप्रकार. आकडे पाहिले तर ही तुलनाच अन्यायाची. टाइप २ बी जेमतेम ४३ मीटर लांब, वजन २७९ टन, माणसं पंचवीसच्या आसपास. टाइप ७ सी ६७ मीटर, ७६९ टन. छोटीत पाच टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायचे पाणतीर) आणि ते सोडायच्या तिन्ही नळ्या पुढच्या बाजूला; मोठीत चौदा टॉर्पेडो, शिवाय एक नळी मागेही. जर्मन खलाशी छोटीला ‘आइनबाउम’ म्हणत, म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी. मोठ्या समुद्रात ती डुलायचीही तशीच.

पण वेळेवर हाताशी आली ती हीच. आराखडा फिनलंडमध्ये बांधलेल्या ‘वेसिक्को’ या पाणबुडीवर आधीच तपासलेला होता, त्यामुळे जर्मनीला पाणबुड्या बाळगू देणारा ब्रिटनशी नौदल करार होऊन अकराच दिवसांत, २९ जून १९३५ला, टाइप २ची पहिली बोट यू-१ सेवेत दाखल झाली. अटलांटिकची लढाई पुढे टाइप ७ने लढली. मात्र तिचे कितीतरी खलाशी बाल्टिकमध्ये या छोट्या बोटींवर शिकून गेले होते. नामवंत कप्तान ओटो क्रेचमर आधी टाइप २च्या यू-२३वर होता, मग टाइप ७च्या यू-९९वर गेला.

लहान असण्याचा खरा फायदा १९४२मध्ये दिसला. सहा टाइप २ बी बोटी सुट्या करून एल्ब नदीने ड्रेस्डेनपर्यंत, तिथून रस्त्याने इंगोलश्टाटला आणि पुढे डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात नेल्या. टाइप ७ला हा प्रवास झेपलाच नसता!