अकरावीचे 'हॉर्नबिल': पर्यावरणाचा धडा मोलाचा, आकडे जुने

संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे २०१५ मध्ये ठरली. एनसीईआरटीच्या या इंग्रजी पुस्तकातला कायदेतज्ज्ञ नानी पालखीवालांचा पर्यावरणावरचा लेख १९९४ चा. तरीही मत्स्यसंपदा, जंगले, कुरणे आणि शेतजमीन या अर्थव्यवस्थेच्या चार आधारांची त्यातली मांडणी उद्दिष्ट १४ (पाण्यातील जीवन) आणि १५ (जमिनीवरील जीवन) ला थेट भिडते. असा धडा भाषेच्या पुस्तकात हवाच.

अडचण आकड्यांची. भारताची लोकसंख्या ९२ कोटी हे लेखातले वाक्य मुले आजचे समजून पाठ करतात. म्हणून फळ्यावर '१९९४' आणि 'आज' असे दोन रकाने आखा, आकडे भरून घ्या आणि फरक पाच इंग्रजी वाक्यांत लिहायला लावा. तुलनेचे व्याकरणही त्यातच होते. शिक्षण पसरले की जन्मदर घटतो, असे लेख सांगतो, पण मुलींच्या शिक्षणावर रेंगाळत नाही. तिथे उद्दिष्ट ५ (स्त्री-पुरुष समानता) शिक्षकांनीच जोडावे.