हायलक्समागे होडी: गोव्यातल्या एका मोसमानंतरचा अनुभव

गेली नारळी पौर्णिमा झाल्यावर होडी पाण्यात घातली, ती मे महिना सरताना बाहेर काढली. मधल्या काळात ट्रेलरवर ठेवून, टोयोटा हायलक्स या माझ्या पिकअपच्या मागे लावून ती शिवोली, बेतूल, तळपण अशी फिरवली. ‘ओढते का नीट?’ असं मला पेट्रोल पंपापासून जेटीपर्यंत सगळीकडे विचारतात. ओढते, अगदी सहज ओढते. पण मोसमभर वापरल्यावर माझं मत असं झालंय की पिकअप घेताना ओढण्याच्या ताकदीचा विचार सगळ्यात शेवटी करावा. मागचं वजन उतारावर धरून ठेवणं, वळणावर आवरणं आणि वेळेत थांबवणं, खरी कसोटी तिथे लागते.

आधी वजनाचा हिशोब. होडी १६ फुटी, फायबरची. नुसतं कवच ४०० किलोच्या आसपास, ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन शंभराला टेकतं. त्यात पेट्रोल, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, बर्फाची पेटी आणि गॅल्व्हनाइज्ड ट्रेलरचे स्वतःचे अडीचशे. सगळं भरून काट्यावर घातलं तेव्हा टनाच्या जरा आत भरलं. माझी गाडी ऑटोमॅटिक, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस आणि ५०० एनएम टॉर्क (मॅन्युअलला ४२० मिळतो). माझ्या मेहुण्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे, १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० एनएम. हीच होडी त्याने शिवोलीहून म्हापशाला नेली, त्याच्या गाडीनेही कुरकुर केली नाही. टनभर होडीसाठी या दोन्हींत ताकदीचा फरक चढावर ओव्हरटेक करतानाच जाणवतो, आणि मागे ट्रेलर असताना ओव्हरटेक करूच नये.

ताकदवान पिकअपबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे, तो इथेच सांगतो. जितकी गाडी ‘परफॉर्मन्स’वाली तितकी जास्त ओढणारी, असं लोक धरून चालतात. फोर्डची रेंजर परदेशात ३,५०० किलोपर्यंत ओढायला मान्य आहे, पण तिचाच रॅप्टर हा वेगवान अवतार २,५०० किलोपर्यंतच. कारण रॅप्टरला मागे पाट्यांच्या (एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आहेत. खडबडीत जमिनीवर उड्या मारायला त्या उत्तम, पण मागच्या टोकावर सतत भार घेणं हे पाट्यांचं काम. रिकामी असताना पाट्यांची कुठलीही पिकअप खड्ड्यांतून उडते, घरची माणसं मागे बसायला नाराज असतात. ट्रेलर जोडला की तीच गाडी शांत होते.

आता हिचच्या (पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) बॉलवर येणारा भार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार बॉलवर यावा. त्याहून बराच कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो, आणि फार जास्त झाला तर पिकअपचं नाक उचललं जाऊन स्टिअरिंग हलकं पडतं. मी ट्रेलरवरचा विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या रहाटाचा) खांब थोडा पुढे-मागे करून भार नव्वद किलोंवर आणला. पुष्कळांच्या लक्षात येत नाही की हे नव्वद किलो पिकअपच्या पेलोडमधून (गाडीत घालता येणाऱ्या एकूण वजनातून) वजा होतात. भारतातली हायलक्स खाजगी गाडी म्हणून येते, पेलोड साडेचारशे किलोच्या आसपासच आहे. चार धट्टीकट्टी माणसं, बॉलचा भार आणि हौद्यात बर्फ, पेट्रोलचे कॅन, जाळी घातली की तो संपतो. मोठा हौदा पाहून भरत सुटू नये.

डोलण्याबद्दल एकच सांगतो. नव्या जुवारी पुलावर आडवा वारा असतो आणि बाजूने बस गेली की तिचाही झोत लागतो. तिथे ट्रेलर हलला तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने सावरायलाही जायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. मी ताशी साठच्या वर जात नाही.

काणकोणला जाताना बाळ्ळी सोडली की करमल घाट लागतो. चढताना इंजिनाला काहीच वाटत नाही, पण गिअरबॉक्स सारखा वर-खाली करतो, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवतो, तेल कमी तापतं. उतरताना तर ते हवंच. टनभर वजन मागून ढकलत असताना नुसत्या ब्रेकवर उतरलं तर खाली पोचेपर्यंत पेडल मऊ पडेल. माझ्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत: पिकअप मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगमधला (ट्रेलरच्या पुढच्या, हिचला अडकणाऱ्या टोकातला) दांडा आत दाबला जातो आणि ट्रेलरची चाकं स्वतः ब्रेक धरतात. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे गावात बनवलेले बिनब्रेकचे ट्रेलर याहून जड होड्या घेऊन सर्रास फिरतात. मी कळकळीने सांगतो, पैसे वाचवायचे असतील तर गाडीच्या अ‍ॅक्सेसरीत वाचवा, ट्रेलरच्या ब्रेकमध्ये नको.

वळणावर ट्रेलर पिकअपपेक्षा आतून जातो. शिवोलीच्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आहेत, तिथे रुंद वळण घ्यायला जागाच नसते. गाडी सव्वापाच मीटरहून लांब, त्यात ट्रेलर. आमचे दादा पुढे उतरून समोरची वाहतूक थांबवतात, तेव्हा कुठे सुटका होते.

आणि मग धक्क्याचा उतार. गाडीची खरी किंमत मला इथे वसूल झाली. आपल्याकडे होडी उतरवायला खास बांधलेल्या जागा मोजक्याच, त्यामुळे नदीकाठी जिथे सिमेंटचा उतार मिळेल तिथे काम भागवावं लागतं. ओहोटीला उघडा पडणारा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो. रिव्हर्स गेलात की मागची चाकं नेमकी त्या शेवाळावर आणि पुढची वर कोरड्यावर. टू-व्हील ड्राइव्हमध्ये मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात, गाडी वर सरकत नाही. फोर-लो (चारही चाकांना जोर, तोही लो-रेंजच्या खालच्या गिअरमध्ये) लावलं की पुढची कोरडी चाकं ओढायला लागतात आणि होडी काही न होता वर येते. लो-रेंजमध्ये चाकांवरचा जोर अडीच पटींनी वाढतो, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम स्पर्शून काम होतं. एक पथ्य मात्र पाळावं: कोरड्या सिमेंटवर आलात की वळायच्या आधी टू-व्हीलवर या, नाहीतर ट्रान्समिशनमध्ये पीळ भरतो.

उतारावर थांबताना आधी न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढा, गाडीचा भार त्यावर बसू द्या आणि मग पार्किंगमध्ये टाका. थेट पार्किंगला टाकलं तर तीन टनांचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर लटकतो. चाकामागे ठोकळा लावाच. ड्रायव्हरच्या काचा उघड्या ठेवा, सीटबेल्ट काढा, होडीत कुणी बसलेलं असेल तर त्याचं ओरडणं ऐकू यायला हवं. आणि पाणी चढत असताना उतरवा. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी जेमतेम हलतं, उधाणाला दोन मीटरचा फरक पडतो आणि ओहोटीत सिमेंट संपून चिखल लागतो. चढत्या पाण्यात होडी अडकली तर अर्ध्या तासात ती आपसूक मोकळी होते. उतरत्या पाण्यात पुढच्या भरतीची वाट पाहत बसावं लागतं.

खारं पाणी हा यातला सगळ्यात मोठा खर्च. ट्रेलरचे हब (चाकांचे मधले भाग, ज्यांत बेअरिंग असतात) रस्त्यावर तापलेले असतात. तसेच गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी शोषून घेते. ग्रीस दुधासारखं पांढरं होतं आणि महिन्याभरात बेअरिंग आवाज करायला लागतं. म्हणून धक्क्यावर पोचल्यावर लगेच उतरवत नाही. हात लावून हब गार झाला की मगच. तोवर दिव्यांचं प्लग काढतो, मागचे पट्टे सोडतो, होडीचं बूच बसवतो. ट्रेलरला जुन्या मारुती ८०० ची बारा इंची चाकं घेतली, टायर आणि बेअरिंग म्हापशात कुठेही मिळतं. लहान चाक वेगाने फिरून लवकर तापतं हे खरं, पण साठच्या वेगाला चालून जातं. पिकअप मात्र मी मागच्या चाकांच्या मध्यापलीकडे पाण्यात नेत नाही. ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता कागदावर आहे, पण ती पावसाच्या पाण्यासाठी. खाऱ्या पाण्याने पाटे आणि चेसिस आतून गंजतात. घरी आल्यावर जेवणाआधी गोड्या पाण्याचा पाइप, गाडीखालून आणि ब्रेकच्या ड्रममधूनही.

मायलेज: रिकामी दहा-साडेदहा, होडी जोडून आठच्या खाली. टाकी ८० लिटरची असल्याने काणकोण-म्हापसा जाऊन येऊन भरावं लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे मोटार वाहनातच धरलं आहे, म्हणजे त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. हिच बसवण्याआधी विमा कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी ‘चालतं’ ऐकून बसवू नका. हिच चेसिसला बोल्टने बसवलेला हवा, बंपरला नाही. बॉल आणि कपलर (त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) एकाच मापाचे हवेत. युरोपी माप ५० मिलिमीटर, अमेरिकी दोन इंच म्हणजे ५०.८. नुसत्या डोळ्याने हा फरक दिसत नाही. सेफ्टी चेन दोन, कपलिंगखाली एकमेकींना छेद देऊन.

आता जून-जुलैची मासेमारी बंदी आहे आणि होडी माडाखाली ताडपत्रीत. ट्रेलर ठोकळ्यांवर चढवून चाकं उतरवली आहेत. डाव्या हबमधलं ग्रीस फिकट निघालं, तेव्हा दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील बदलतोय आणि ओव्हररन ब्रेकची केबलही नवी टाकतोय. कुणाला १६-१७ फुटी होडीसाठी पिकअप घ्यायची असेल तर नुसत्या शोरूममधल्या चाचणीवर ठरवू नका. कुणाचा तरी भरलेला ट्रेलर मागून घ्या आणि ओहोटीला एखाद्या उतारावर ती गाडी उलटी नेऊन पाहा.