मोडणीपूर्व घातक पदार्थ सर्वेक्षण सेवा : एक अभिप्राय

जुने मालवाहू जहाज मोडणीसाठी परदेशी विकण्यापूर्वी आम्ही एका खासगी सर्वेक्षण संस्थेकडून त्यावरील घातक पदार्थांची यादी तयार करून घेतली. जहाजांच्या सुरक्षित मोडणीविषयीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार 26 जून 2025 रोजी अमलात आल्यामुळे या यादीला आता कायदेशीर वजन आले आहे. तरीही तिचा खरा उपयोग मोडणी यार्डात गॅस कटर हाती घेणाऱ्या कामगाराला आहे, असे मी मानतो.

इंजिनरूममधील काम उत्तम झाले. एक्झॉस्ट पाइपवरील आच्छादन, फ्लँजमधील गॅस्केट, विंचचे ब्रेक लायनिंग अशा ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) दडून राहणाऱ्या जागा सर्वेक्षकांना नेमक्या ठाऊक होत्या. तंतू हवेत उडू नयेत म्हणून प्रत्येक जागा आधी ओली करून मगच नमुना कापला, तो दुहेरी पिशवीत बंद केला आणि उघडी पडलेली कडा लगेच लिंपून टाकली. जिथे हात पोहोचला नाही, तिथे 'नाही' असे न लिहिता 'असण्याची शक्यता' अशी नोंद केली, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

जुन्या केबलींबाबत मात्र निराशा झाली. त्यांच्या आवरणात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते, तरी नमुने मोजकेच घेतले गेले. टाक्यांतील गाळाची नोंदही घाईने उरकली.

ॲस्बेस्टॉससाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. केबलींचे नमुने किती घ्यायचे, हे मात्र सर्वेक्षण संस्थेशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावे, आणि जहाज घेऊन पुढे यार्डाला विकणाऱ्या मध्यस्थ खरेदीदाराने ही यादी यार्डापर्यंत पोहोचवावी, अशी अट विक्रीपत्रात घालावी.