उधळा पुत्र घरी आला, पुढे काय? सहा ख्रिस्ती कादंबऱ्यांमधून आपली निवडताना

छोटं गाव, गावातलं एक चर्च, त्या चर्चशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं कुटुंब, आणि त्या कुटुंबात सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी न काढलेला एक विषय. अमेरिकन ख्रिस्ती कादंबऱ्यांपैकी कितीतरी एवढ्याच भांडवलावर उभ्या असतात. दुकानात त्या शेजारी शेजारी दिसतात आणि मलपृष्ठावरचा मजकूर वाचून सगळ्या एकसारख्याच वाटतात. सगळीकडे जखम, सगळीकडे आशा, सगळीकडे क्षमा. आत शिरल्यावर मात्र एक आवडली म्हणून दुसरी आवडेलच याची काही खात्री नाही. एखादीनं धीर येतो, तर एखादी वाचून मनस्ताप होतो, आणि दोष पुस्तकाचा नसतो, निवडीचा असतो.

निवडताना मी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाची कसोटी लावते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाला दुरून पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी होते. थोरला भाऊ रागानं बाहेरच उभा राहतो, बाप येऊन त्याची समजूत घालतो, आणि येशू गोष्ट तिथंच सोडून देतो. थोरला आत गेला का? धाकटा पुन्हा पळाला का? महिनाभरानं घरात कोण कुणाशी बोलत होतं? दाखल्यात याचं उत्तर नाही. तेव्हा पुस्तक हाती घेतलं की पहिला प्रश्न हा: ही कादंबरी मेजवानीपाशी संपते, की मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते?

प्रकाशकाचं नाव पाहिलं तरी निम्मा अंदाज येतो. टिंडेल हाउस, बेथनी हाउस यांसारख्या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांच्या कादंबऱ्यांत साधारणपणे शिवीगाळ नसते, शय्यागृहाचं दार बंद असतं, आणि मुख्य पात्र शेवटी देवाच्या थोडं तरी जवळ आलेलं असतं. यात कमीपणा काही नाही. रहस्यकथेत खुनी सापडतो तसाच हा वाचकाशी केलेला करार आहे. सर्वसाधारण साहित्यिक प्रकाशकांकडून आलेल्या कादंबऱ्यांत असा करार नसतो. तिथं प्रार्थना करणारं माणूस शेवटपर्यंत तसंच तुटलेलं राहू शकतं.

मिटफर्डपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांना शिफारस तिचीच होते. जॅन कॅरन यांची 'अ‍ॅट होम इन मिटफर्ड' १९९४ साली पुस्तकरूपात आली. त्याआधी ती नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लोइंग रॉक या गावच्या वर्तमानपत्रात क्रमशः छापली जात होती. ते मूळ रूप अजून जाणवतं: छोटे छोटे प्रसंग, भरपूर पात्रं, कुठंही थांबावं आणि कुठूनही पुन्हा धरावं. साठीचे अविवाहित एपिस्कोपल धर्मगुरू फादर टिम, त्यांना नुकताच निघालेला मधुमेह, शेजारी राहायला आलेली लेखिका सिंथिया, आणि बायबलमधली वचनं ऐकवली की शांत बसणारा एक अवाढव्य कुत्रा. चर्चच्या माळ्यावर लपलेला दागिनेचोरसुद्धा आहे. हे सगळं गोड आहे, पण निव्वळ गोड नाही, कारण मध्ये डूली नावाचा अकरा वर्षांचा मुलगा येतो. त्याची आई दारूच्या आहारी गेलेली, भावंडं पांगलेली, आणि हा आजोबांच्या आधारानं राहतोय. डूलीचा राग कॅरन दडपत नाहीत. त्याची भाषा, त्याचा हट्ट, फादर टिमची त्याच्यापुढे होणारी तारांबळ, हा पुस्तकातला सगळ्यात खरा भाग आहे. पण विस्कटलेलं घर इथं शेजारचं असतं. निवेदनाच्या मध्यभागी असतो तो मदत करणारा सज्जन माणूस, आणि त्याच्या डोळ्यांतून पाहिल्यावर दुःखाची धार कमी होणारच. दवाखान्यातल्या बाकावर बसून वाचायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. स्वतःच्या घरातल्या दारूबद्दल काही समजून घ्यायचं असेल, तर मात्र इथं फार मिळणार नाही.

कॅरन किंग्सबरी यांची 'रिडेम्पशन' (२००२) थेट घरात शिरते. हे पुस्तक त्यांनी विवाह आणि नातेसंबंधांवर लिहिणाऱ्या गॅरी स्मॉली यांच्यासोबत लिहिलंय, आणि ते लपत नाही. इंडियानातलं ब्लूमिंग्टन, खरं तर हे विद्यापीठाचं शहर, अगदी छोटं गाव नव्हे, पण बॅक्स्टर कुटुंब एकमेकांत इतकं गुंतलेलं की वातावरण गावाचंच वाटतं. आईवडील, पाच मुलं. त्यातल्या कॅरीला कळतं की प्राध्यापक नवऱ्याचं एका विद्यार्थिनीशी प्रकरण आहे. ती स्वतः गरोदर आहे, आणि तरी लग्न टिकवायचं ठरवते. पानं भराभर उलटतात, प्रकरणं बरोबर नको त्या जागी तुटतात, आणि डोळ्यांत पाणी आणण्याची किंग्सबरींची हातोटी नाकारण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार दोन ठिकाणी आहे. एक, पात्रांना देवाचं उत्तर फार लवकर आणि फार स्पष्ट मिळतं. प्रार्थना केली, वचन आठवलं, वाट दिसली. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. लग्न टिकवणं हाच विश्वासाचा पुरावा, असा सूर पुस्तकभर आहे. नवऱ्याच्या प्रकरणानं दुखावलेल्या आणि तरीही आशा धरून बसलेल्या वाचकाला तो आधार वाटेल. पण ज्या घरात मारहाण आहे, भीती आहे, त्या घरातल्या बाईच्या हाती हे पुस्तक 'तू पण अशी राहा' म्हणून कुणी देऊ नये. ही कादंबरी आहे, पाळकानं दिलेला सल्ला नव्हे. माझं मत विचाराल तर कॅरीपेक्षा तिची बहीण अ‍ॅश्ली जास्त लक्षात राहते: पॅरिसहून लग्नाविना मूल घेऊन परतलेली, घरच्यांच्या चांगुलपणाचाच जिला जाच होतो अशी. आणि एक व्यावहारिक सूचना. हे कुटुंब पुढे वीसहून अधिक पुस्तकांत चालू राहतं. एक वाचून सोडणाऱ्यांना ते अर्धवट वाटेल.

बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' (१९९७) पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात घडते, जुन्या वळणाच्या आमिश लोकांत, म्हणजे आधुनिक जगापासून लांब, कडक नियमांनी राहणाऱ्या ख्रिस्ती पंथात. केटी लॅपचं लग्न बिशपशी ठरलंय, तो विधुर आहे, आणि नेमकं तेव्हाच तिला माळ्यावर तान्ह्या बाळाचं रेशमी झबलं सापडतं. साध्या कपड्यांच्या समाजात हे झबलं आलं कुठून, इथून तिच्या जन्माचा प्रश्न उभा राहतो, आणि शेवटी समाज तिला वाळीत टाकतो. सख्ख्या घरात आईच्या हातचं खायचं, पण सगळ्यांसोबत एका पंगतीला बसायचं नाही, या शिक्षेतला थंडपणा लुईस नेमका पकडतात. श्रद्धेच्या नावानं कुटुंब आपल्याच माणसाला कसं दूर करतं, हे बाकीच्या पाच पुस्तकांत इतकं थेट नाही. पण आमिश समाजाबाहेरच्या, इव्हँजेलिकल (वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) नजरेतून पाहिलेला हा समाज आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावं; नियम म्हणजे बंधन आणि वैयक्तिक विश्वास म्हणजे सुटका, अशी वाटणी आधीच झालेली आहे. शिवाय ही तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली पहिली कडी आहे आणि गोष्ट मध्येच तुटते. तिन्ही वाचायची तयारी असेल तरच हात घालावा.

आता ज्या पुस्तकांसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांच्याकडे. मॅरिलिन रॉबिन्सन यांच्या 'गिलियड' (२००४) आणि 'होम' (२००८) या एकाच गावात, १९५६ सालच्या त्याच दिवसांत, दोन वेगळ्या घरांत घडतात. गिलियड हे आयोवातलं काल्पनिक गाव. गुलामगिरीविरोधी चळवळीत गाजलेल्या तिथल्याच टेबॉर या गावावर बेतलेलं. एका घरात कॉन्ग्रिगेशनल पाळक जॉन एम्स, वय ७६, हृदयविकारानं थकलेला. उतारवयात झालेल्या लहान मुलाला तो एक लांबलचक पत्र लिहितोय, मुलगा मोठा झाल्यावर वाचेल म्हणून. दुसऱ्या घरात त्याचा जन्माचा मित्र बॉटन, निवृत्त प्रेस्बिटेरियन पाळक. बॉटनच्या आठ मुलांपैकी जॅक हा घराण्याचा काळा डाग: तरुणपणी एका गरीब मुलीला मूल देऊन पळालेला, आईच्या अंत्यविधीलाही न आलेला. वीस वर्षांनी तो घरी येतो.

'गिलियड'ला २००५ चं पुलित्झर मिळालं आणि नाव तिचंच जास्त झालं. ती सुंदर आहे, यात शंका नाही. प्रकरणं नाहीत, घाई नाही. बाप्तिस्म्याचं पाणी, ऊन, जुने उपदेश, एका डोळ्याचा तापट आजोबा आणि युद्धाला विरोध करणारा वडील. विश्वास म्हणजे काय, हा प्रश्न घेऊन आलेल्याला ती द्यावी. पण एम्स हा एका अर्थी त्या दाखल्यातला थोरला भाऊ आहे. जॅकवर त्याचा विश्वास नाही, आपल्या माघारी हा माणूस आपल्या बायकोमुलाच्या जवळ येईल अशी धास्ती आहे, आणि ही धास्ती तो अगदी धार्मिक भाषेत गुंडाळतो. हे गुंडाळणं उलगडत जातं, ती त्या पुस्तकाची खरी गोष्ट.

घरातल्या माणसांबद्दल वाचायचं असेल तर मी 'होम' देईन. इथं आपण ग्लोरीसोबत राहतो. ती बॉटनची धाकटी लेक, वय ३८, फसवणुकीत संपलेलं लग्नाचं वचन मागे ठेवून बापाची सेवा करायला आलेली. तीन माणसं, एक स्वयंपाकघर, एक पियानो, आणि सगळ्यांचं एकमेकांशी अतिशय जपून बोलणं. जॅक बागेत राबतो, जुनी गाडी दुरुस्त करतो, दारूपासून लांब राहायला धडपडतो, आणि प्रत्येक वाक्यागणिक माफी मागतो. बाप त्याला केव्हाच क्षमा केल्याचं सांगतो, आणि त्याच दमात जुना हिशोबही काढतो. दूरचित्रवाणीवर अलाबामातल्या मॉन्टगमरी शहरातल्या कृष्णवर्णीयांवरचे अत्याचार दिसतात तेव्हा हा देवभोळा, प्रेमळ म्हातारा जे बोलतो, त्यानं जॅक आतून मिटत जातो. त्याचं कारण शेवटी कळतं. काही माणसं नाशासाठीच जन्माला येतात का, असं जॅक दोन्ही पाळकांना विचारतो. हा प्रसंग दोन्ही कादंबऱ्यांत आहे, आणि शेजारी ठेवून वाचला की एकाच संध्याकाळी बसलेल्या माणसांनी किती वेगवेगळं ऐकलं ते दिसतं. निरोपाच्या वेळी बाप जे करतो ते इथं सांगत नाही. आयुष्यभर कृपेवर उपदेश केलेल्या माणसाला कृपा जमतेच असं नाही, एवढं सांगते.

'होम' संथ आहे. जवळपास काही घडत नाही आणि संवाद पानंच्या पानं चालतात. साठ पानांनंतरही पकड बसली नाही तर सोडून द्यावी. गिलियडच आधी वाचायला हवी, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जॅकचं गुपित 'गिलियड'मध्ये एका संभाषणात उघड होतं, तर 'होम'मध्ये अगदी शेवटच्या पानांवर, आणि तेही जॅकच्या माघारी. आधी 'होम' वाचली तर तुम्ही ग्लोरीइतकेच अंधारात असता. घरातल्या माणसाला ओळखत नसण्याचा अनुभव यायचा तर तसाच यावा.

या सगळ्यांहून वेगळ्या अंगानं जाणारी लेफ एंगर यांची 'पीस लाइक अ रिव्हर' (२००१). मिनेसोटातलं गाव, साल १९६२, आई घर सोडून गेलेली, वडील शाळेत झाडलोट करणारे. घरात घुसलेल्या दोन तरुणांना थोरला डेव्ही गोळ्या घालतो, पुढे तुरुंगातून पळतो, आणि उरलेलं कुटुंब त्याच्या शोधात पश्चिमेला निघतं. सांगणारा आहे दम्यानं घुसमटणारा अकरा वर्षांचा रूबेन. वडिलांच्या हातून चमत्कार होतात: त्यांना नोकरीवरून काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्याचा रोग ते नुसत्या स्पर्शानं बरा करतात, आणि लेकाचा दमा तसाच राहतो. कुठलंही प्रवचन न देता एंगर हा अन्याय समोर ठेवतात. डेव्हीला पश्चात्ताप होत नाही, आणि घरचं प्रेम त्यामुळे आटत नाही. वेग हवा, साहस हवं आणि चमत्कार वाचताना भुवया उंचावत नसतील, तर सहांपैकी पहिली हीच घ्यावी. घरात पंधरा-सोळा वर्षांचं कुणी वाचणारं असेल तर त्यालाही हीच.

तर मग? आजारपण, शोक, झोप न येणं अशा दिवसांत मिटफर्ड. विवाहातली जखम ताजी आहे आणि शेवटी आशा उरणार हे आधीच माहीत असायला हवं असेल, तर किंग्सबरी, वर सांगितलेली अट पाळून. समाजानं किंवा मंडळीनं दूर केलेल्यांसाठी लुईस. न सुधारणारं माणूस ज्यांच्या घरात आहे, आणि 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल' हे ऐकून जे कंटाळलेत, त्यांना 'होम'. तुमचा स्वतःचा विश्वास डळमळीत असला तरी रॉबिन्सन वाचता येतात. किंग्सबरी वाचताना मात्र आपण परक्या घरात आल्यासारखं वाटण्याची शक्यता बरीच.

रॉबिन्सन आवडल्या तर पुढे 'लायला' (२०१४) आहे, एम्सच्या तरुण बायकोची, आणि 'जॅक' (२०२०). यातलं दुसरं आधीच घरात आणलंत तर पालथं मात्र घालू नका: जॅकचं जे गुपित कळायला 'होम'चं शेवटचं पान यावं लागतं, ते त्याच्या मलपृष्ठावर उघड छापलेलं आहे.