दाते-कर्वे यांचा शब्दकोश आणि सोबतची तीन पुस्तके : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या संग्रहात अकरा पुस्तकांची भर पडली. त्यांपैकी आठ मिळून एकच ग्रंथ आहे : यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश, म्हणजे 1932 ते 1938 या काळात निघालेले सात विभाग आणि 1950 पर्यंत आलेली पुरवणी. उरलेल्या तिघांत एक लीळाचरित्र, एक पक्षिकोश आणि एक अनुवादित कादंबरी आहे. नवे पुस्तक घरी आल्याबरोबर त्याच्याविषयी लिहायला बसले की मुखपृष्ठाचेच कौतुक जास्त होते, हा माझा जुना अनुभव आहे. शिवाय नागपूरचा एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढल्याखेरीज पुस्तकाच्या बांधणीविषयी काही बोलू नये, असेही माझे मत आहे.

शब्दकोशाचा संच धरमपेठेतील एका दिवंगत शिक्षकांच्या घरून आला. घर विकायचे ठरले होते आणि पुस्तके रद्दीत जाण्याच्या बेतात होती. आठ हजार रुपये दिले, ऑटोत घालून आणला आणि दुसऱ्या मजल्यावर चढवताना माझी आणि भाच्याची कंबर धरली.

पहिला महिना हा कोश वापरता येत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक नोंदीत शब्दाची जात, प्रदेशाची खूण, अर्थ, त्या अर्थाला ग्रंथातला आधार आणि चौकटी कंसात व्युत्पत्ती असा मजकूर इतका दाटून बसवलेला आहे, की संक्षेपांची यादी पाठ झाल्याशिवाय नोंद उलगडत नाही. 'ज्ञा.' म्हणजे ज्ञानेश्वरी हे कोणालाही कळते. बाकीच्यांसाठी मी एका पुठ्ठ्यावर यादी उतरवून काढली आणि तो पुठ्ठा अजूनही खूण म्हणून आत फिरतो. लेखन जुन्या वळणाचे आहे, म्हणजे करणें, भांडें असे अनुस्वार जिथल्या तिथे आहेत, आणि 1962 नंतरच्या नियमांवर वाढलेल्या डोळ्यांना ते आधी टोचतात. आठवडाभरात सवय होते.

खरा उपयोग सुरू झाला तो स्वयंपाकघरातल्या एका प्रसंगामुळे. माझी सून पुण्याची आहे. तिला मी म्हटले, "दूध गंजात काढून ठेव," तर ती बिचारी लोखंडाचा गंज मनात धरून माझ्याकडे पाहत राहिली. आमच्याकडे गंज म्हणजे उभट पातेले, हे तिला माझ्या सांगण्याने पटेना. कोशात पातेल्याचा अर्थ दाखवला तेव्हा पटले. तेव्हापासून ती स्वतःहून शब्द आणते. वऱ्हाडी शब्दापुढे (व.) आणि नागपुरी शब्दापुढे (ना.) अशी खूण असते. आपल्या घरातली भाषा अशुद्ध म्हणून शाळेत ऐकत मोठे झालेल्या माणसाला ती खूण पाहून काय वाटते, ते इकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो, तर मग आठ खंडांचे ओझे कशाला, असे मला दोघातिघांनी विचारले. एकच शब्द घाईने पाहायचा असेल तर मीही मोबाइलवरच पाहते. पण माझ्या प्रतीत आधीच्या मालकांनी बारीक पेन्सिलीने समासात नोंदी केलेल्या आहेत. कुठे नुसतीच बरोबरची खूण, कुठे 'ऐकला, रामटेक', तर एका ठिकाणी 'आई वेगळ्या अर्थाने म्हणे' एवढेच, आणि तो वेगळा अर्थ मात्र लिहिलेला नाही. त्या वाक्यावर माझ्या दोन दुपारी गेल्या.

आता प्रकृतीविषयी. नव्वद वर्षांपूर्वीचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ झालेला आहे. पान कोपऱ्याला धरून उलटले तर कोपरा हातात येतो. मी संच दिवाणखान्यात ठेवला होता, आणि ती माझी चूक झाली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की कूलर दिवसरात्र चालतो आणि त्याची ओली हवा थेट कपाटावर जात होती. पंधरवड्यात खालच्या फळीवरचे दोन विभाग लाटांसारखे फुगले आणि पुठ्ठ्याला कुबट वास धरला. ते आतल्या खोलीत हलवून, पानांत टीपकागद घालून वाळवले. उन्हात मुळीच ठेवले नाहीत. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून फळीवर वेखंडाचे तुकडे ठेवले आहेत आणि अद्याप कसर दिसलेली नाही. मांडीवर घेऊन वाचणे पाठीला झेपत नाही, म्हणून पोथीसाठी असते तशी घडीची लाकडी ठवणी आणली. ही खरेदी कोशाइतकीच उपयोगाची ठरली.

मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश मी त्यांच्या निधनानंतर, जरा अपराधी मनाने घेतला. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधसारख्या ठिकाणी राहून, जंगलातल्या आणि तळ्याकाठच्या माणसांकडून त्यांनी नावे गोळा केली, हे ऐकून होते. वापरताना ते दिसते. आमच्या कूलरच्या ताटीवर उन्हाळाभर पाणी प्यायला सातभाईंचा थवा येत असे, तेव्हा हा कोश खिडकीशी ठेवला होता. मात्र नवख्याला समोरचा पक्षी ओळखायला तो फारसा कामाचा नाही. पक्षी माहीत असेल तर त्याचे नाव, नावांची भावंडे आणि त्यांच्यामागचे लोकजीवन यांसाठी तो उघडावा. अंबाझरी तलावावर जाताना मी चित्रांचे दुसरे पुस्तक नेते.

लीळाचरित्राची माझी प्रत वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, आणि ते ठिकाण आपल्या अमरावती जिल्ह्यातले, म्हणून हा ग्रंथ घरात असावा असे फार दिवस मनात होते. रोज रात्री एक किंवा दोन लीळा, एवढेच माझे वाचन आहे. वाक्ये तुटक, बोलल्यासारखी आहेत आणि अडतात ती शब्दांपाशी. तेव्हा शब्दकोशाकडे हात जातो. या दोन खरेद्या एकमेकींना इतक्या लागू पडतील, हे घेताना माझ्या ध्यानात आले नव्हते.

अनुवादित कादंबरीविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण तिची एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर ही पाने दोनदा आहेत आणि पुढची सोळा पाने नाहीतच. एक फॉर्म, म्हणजे सोळा पानांची एक छापील घडी, दुबार गेला, असे बाइंडरने बघताक्षणी सांगितले. विक्रेत्याने मुदत संपल्याचे कारण सांगून बदलून दिली नाही. पाठीला नुसता गोंद लावलेला असल्यामुळे एप्रिलच्या उन्हात ती मधोमध उकलली, ते वेगळेच. तिच्या तुलनेत नव्वद वर्षांपूर्वीची जुजबंदी, म्हणजे घड्या दोऱ्याने शिवण्याची, शिलाई अजून बहुतेक विभागांत घट्ट आहे.

फक्त तिसऱ्या विभागाची शिलाई सुटली. तो सध्या नागपुरातल्या महाल भागातल्या बाइंडरकाकांकडे आहे. गणपतीच्या आधी देतो म्हणाले आहेत. तोवर त्या विभागातले अडलेले शब्द सून आणि मी फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहून ठेवतो. काल रात्री तेरा झाले होते.