प्रयोगशाळेचे दोन विषय आणि अपवादाचा अर्ज

विद्यापीठाच्या नियमातून सूट मागण्याची सोय विद्यार्थी विभागात असते, तिच्याबद्दल हे लिहितेय. सोय म्हणजे एक ऑनलाइन फॉर्म, त्याला जोडायची कागदपत्रं, दर पंधरा दिवसांनी बसणारी समिती आणि कार्यालयातली एक खिडकी. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करते. दोन वर्षांत या सोयीची गरज मला तीनदा पडली. खिडकीला माझ्याकडून पाचपैकी पाच तारे, समितीला साडेतीन आणि फॉर्मला एक. फॉर्मला एवढा कमी का, ते आधी सांगते, कारण बहुतेकांचा अर्ज तिथेच बिघडतो.

तिसऱ्या सत्रात मला कावीळ झाली. आठव्या आठवड्यात ताप आणि मळमळ सुरू झाली, नवव्या आठवड्याच्या गुरुवारी दवाखान्यात भरती केलं. नऊ रात्री तिथे गेल्या. सत्र १५ आठवड्यांचं, आणि विषय सोडायची मुदत दहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी संपत होती. मला घरी सोडलं शनिवारी. त्या शुक्रवारी सलाइन लावलेल्या हाताने मी फोनवर पोर्टल उघडायला हवं होतं, असं कुणी म्हणणार नाही. पण नियमात तारीख असते, दवाखाना नसतो. म्हणूनच हा अर्ज असतो.

माझे पाच विषय होते, प्रत्येकी ४ क्रेडिट. तीन लेखी, दोन प्रयोगशाळेचे. मला फक्त प्रयोगशाळेचे दोन सोडायचे होते. बाराव्या आठवड्यात उठून बसता यायला लागलं तेव्हा फॉर्म भरला. फॉर्ममध्ये एकच मोठी चौकट होती: ‘विनंतीचे कारण, ५०० शब्दांपर्यंत.’ मी ५०० च्या ५०० शब्द लिहिले. भूक कशी गेली, जिना चढताना मध्येच बसावं कसं लागायचं, आईने रजा काढून रात्री कशा जागवल्या, वर्ष वाया जाईल याची भीती कशी वाटत होती. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. दवाखान्यातून सोडतानाचा कागद जोडला आणि वाट बघत बसले.

१७ दिवसांनी उत्तर आलं: ‘निवडक विषयांपुरती सूट देण्यास दिलेले कारण पुरेसे नाही.’ एवढीच ओळ. मी ती वाचून खूप रडले. मी खोटं बोलतेय असं समितीला वाटलं, असाच अर्थ मी त्या ओळीचा काढला होता.

अर्थ तो नव्हता. तो मला खिडकीवरच्या मॅडमनी समजावला, आणि माझे पाच तारे त्यांच्यासाठी आहेत. त्यांनी माझा अर्ज काढून शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “अगं, यात तारखा कुठे आहेत? आणि हेच दोन विषय का, हे कुठे लिहिलंयस?” मग त्यांनी समिती काय बघते ते सांगितलं. आजारी माणूस पाचही विषयांना आजारी असतो. मग तीन विषय जमतात आणि दोनच जमत नाहीत, हे कसं? ज्या विषयात गुण कमी पडणार तेवढाच आजाराच्या नावाने सोडायचा, असे अर्ज समितीकडे नेहमी येतात. त्यामुळे अशा विनंतीत समितीचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि पुष्कळ विद्यापीठांत तर सोडायचे तर सगळेच विषय सोडा, असाच दंडक असतो.

प्रश्न रास्त आहे. समितीवर माझा राग त्याच दिवशी गेला. पण इतका महत्त्वाचा प्रश्न फॉर्ममध्ये विचारलेलाच नाही! ‘काही विषयच सोडत असाल तर बाकीचे का चालू ठेवू शकता?’ एवढी एक ओळ तिथे असती, तर माझे तीन आठवडे वाचले असते. जो विद्यार्थी त्या वेळी सगळ्यात अशक्त असतो, त्याने समितीच्या मनातला प्रश्न ओळखून उत्तर द्यायचं, ही अपेक्षा मला मनापासून चुकीची वाटते. म्हणून फॉर्मला एक तारा.

नामंजुरीनंतर १० दिवसांत नवा पुरावा जोडून फेरविचार मागता येतो. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे मी आधी कागद गोळा केले, लिहायला नंतर बसले. डॉक्टरांकडे परत गेले. त्यांना म्हटलं, आजाराचं नाव पहिल्या कागदावर आहे, मला काय करता येतं आणि काय नाही ते तारखांसह हवंय. त्यांनी चार ओळी दिल्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत भरती, पुढे सहा आठवडे सलग तासभरापेक्षा जास्त उभं राहायचं नाही, बसून वाचन-लेखन चालेल, आणि यकृत पूर्ववत होईपर्यंत क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांच्या (पदार्थ विरघळवायला वापरतात त्या द्रवांच्या) वाफेपासून दूर राहायचं.

या शेवटच्या ओळीने सगळं पालटलं. आमच्या प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातीची द्रावकं नेहमीची आहेत आणि ती यकृताला घातक असतात. वाफ ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली काम केलं तरी चार तास त्याच खोलीत उभं राहावं लागतं. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून हे पहिल्या अर्जात लिहायचं मला सुचलंच नाही, कारण मी माझं दुःख सांगत होते. माझ्या विनंतीचं खरं कारण मात्र त्या खोलीतल्या हवेत होतं.

प्रयोगशाळेच्या सरांनीही पत्र दिलं. माझी शेवटची हजेरी कोणत्या दिवशी, १२ पैकी ७ प्रयोग पूर्ण, तोवरचे गुण समाधानकारक, राहिलेले ५ प्रयोग घरून करता येण्यासारखे नाहीत. ‘तोवरचे गुण समाधानकारक’ हे मी मागितलं नव्हतं, त्यांनी आपणहून लिहिलं. कमी गुणांपासून पळण्यासाठी मी विषय सोडत नाहीये, हे त्या तीन शब्दांतून समितीला कळलं असणार. लेखी विषयांच्या तिन्ही शिक्षकांनी, व्याख्यानांचं रेकॉर्डिंग आहे आणि निबंध घरून देता येतात, एवढं ईमेलवर कळवलं. तेही जोडलं.

मग अर्ज लिहिला, जेमतेम दीडशे शब्दांचा. वर तारखांचा तक्ता, खाली दोन परिच्छेद: लेखी विषय का चालतील, प्रयोगशाळा का चालणार नाही. आईच्या जागरणांबद्दल काही लिहिलं नाही. ते वगळताना वाईट वाटलं, हे खरं आहे.

अर्ज देताना मॅडमनी आणखी एक गोष्ट तपासली, जी माझ्या मनातही आली नव्हती. दोन विषय सुटले की माझी क्रेडिट २० वरून १२ वर येणार होती, आणि शिष्यवृत्तीची किमान मर्यादा १२ च होती. अगदी काठावर. आणखी एक विषय सोडला असता, तर गुणपत्रक बिघडण्यापासून बचावलं असतं, पण शिष्यवृत्ती गेली असती. सूट मिळाल्याने दुसरीकडे काय बिघडेल, हे अर्ज करण्याआधी बघायला हवं. शिष्यवृत्ती, वसतिगृह, शैक्षणिक कर्ज, परदेशी विद्यार्थी असेल तर व्हिसा, या सगळ्यांना स्वतःच्या क्रेडिटच्या अटी असू शकतात. विषय सोडायची परवानगी देणारी समिती त्या बघत नाही.

निकाल येईपर्यंत वर्ग चालूच ठेवायचे असतात, अर्ज केला म्हणजे सूट मिळाली असं नाही. मी तिन्ही लेखी परीक्षा दिल्या. प्रयोगशाळेची परीक्षा हुकली, आणि काही दिवस गुणपत्रकावर दोन्हींपुढे ‘अनुत्तीर्ण’ होतं. परीक्षा संपल्यावर आठवड्याने समितीचं पत्र आलं: मंजूर. ‘अनुत्तीर्ण’च्या जागी ‘विषय सोडला’ असा शेरा आला, जो सरासरीत धरत नाहीत. समितीचे साडेतीन तारे यासाठी, की नीट मांडल्यावर त्यांनी ऐकलं आणि आधीचा निर्णय बदलला. उरलेला दीड कापला तो त्या एका ओळीच्या नकारासाठी. नकार देताना काय कमी पडलं ते सांगायला दोन वाक्यं जास्त लागली असती.

दुसरा अर्ज सोपा गेला. पुढच्या सत्रातल्या प्रगत प्रयोगशाळेला हीच प्रयोगशाळा आधी पूर्ण असण्याची अट होती. दोन्ही एकाच सत्रात करू द्या, अशी विनंती केली, शिकवणाऱ्या सरांची लेखी संमती जोडली, आणि सहा दिवसांत परवानगी आली. अशा विनंतीत शिक्षकांची संमती असली की समितीला फारसं ठरवायचं उरत नाही.

वर्गातल्या एका मुलाचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. त्याला एका विषयात मिळालेली श्रेणी मान्य नव्हती आणि त्याने याच फॉर्मवर तक्रार केली. तीन आठवड्यांनी, हा विषय आमच्या अखत्यारीत नाही म्हणून अर्ज परत आला. श्रेणीबद्दलची हरकत आधी शिक्षकांकडे, मग विभागाकडे जाते, तिची मुदतही वेगळी, आणि ती तोवर संपली होती. अपवाद मागणं आणि निर्णयाला आव्हान देणं हे दोन निराळे रस्ते आहेत. पोर्टलवर मात्र दोन्हींची बटणं शेजारी-शेजारी, जवळपास सारख्याच नावांनी. आणखी एकीने ‘मला नियम माहीत नव्हता’ असं कारण दिलं. ते कारण जवळपास कुठेच चालत नाही. तिला कार्यालयातल्याच कुणी तरी चुकीची तारीख सांगितली होती, आणि तो ईमेल तिच्याकडे होता! तो जोडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. कार्यालयाची चूक दाखवणारा कागद हा अशा अर्जातला सगळ्यात भक्कम पुरावा.

आता तिसरा अर्ज. मंजुरीच्या पत्रामुळे मी निश्चिंत झाले होते. सोडलेल्या दोन विषयांची फी आपोआप परत येईल अशी माझी समजूत होती. ती येत नाही. फीसाठी वेगळा अर्ज लागतो, लेखा विभागाकडे, आणि तो मंजुरीच्या तारखेपासून ३० दिवसांत द्यायचा असतो. मला हे कळलं ३४ व्या दिवशी, तेही दुसऱ्याच कामासाठी खिडकीवर गेले तेव्हा. मॅडमनाच वाईट वाटलं, कारण त्या काळात त्या रजेवर होत्या. मंजुरीच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, मागची बाजूही पाहिली.

मग त्या ३० दिवसांच्या मुदतीतून सूट मागणारा अर्ज केला. या वेळी तक्ता पहिल्याच पानावर आहे, मंजुरीचं पत्र जोडलंय, आणि त्यात फीचा उल्लेख नाही हे एका वाक्यात दाखवून दिलंय. कागदपत्रं समितीच्या बैठकीच्या आठ दिवस आधी पोचली. बैठक येत्या मंगळवारी आहे.