बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० : आठ महिन्यांच्या वापरानंतर

२०१८ चा बी४५० मदरबोर्ड, त्यावर आधी रायझन ३ १२०० हा एएमडीचा जुना प्रोसेसर; त्याच बोर्डावर आता रायझन ५ ५६०० बसवलाय. एम. जी. रोडवरच्या दुकानांत विचारलं की बहुतेक ठिकाणी नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅमचा पूर्ण संच पुढे येतो. त्याची गरज नाही. रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त पडतो, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२. गेममध्ये फरक तिथे पडतो. ५५०० पीसीआयई ३.० (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) पुरताच आहे ही तक्रार इथे गैरलागू, कारण बी४५० स्वतःच ३.० चा.

बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा. एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा पुढची आवृत्ती घ्या. एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) मशीन मध्येच क्षणभर अडखळायचं, ते त्यात सुधारलं. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, आणि यूपीएस असलाच पाहिजे. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले असतील तर दुसऱ्या दिवशी करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी थांबवून रिकव्हरी की कागदावर उतरवा. कारण नवा प्रोसेसर दिसताच बोर्ड एफटीपीएम रीसेट करायचा का विचारतो, आणि रीसेट केला की बिटलॉकर ती की मागतो.

खरी जोखीम कूलर काढताना. एएम४, म्हणजे या बोर्डाच्या सॉकेटच्या, प्रोसेसरांच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. मधली थर्मल पेस्ट वाळलेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर खटका लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. दहा मिनिटं लोड देऊन मशीन गरम करा, बंद करा, प्लग काढा, मग लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवावं तसा कूलर थोडा थोडा डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. सगळे कोर ४.५ गिगाहर्ट्झवर कायमचे बांधायच्या फंदात पडू नका. व्होल्टेज सतत चढं राहतं, आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक नसलेला स्वस्त बोर्ड तापतो. पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवणारी सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) सगळ्या कोरना उणे १५ पासून लावा, बूस्ट ओव्हरराइड अधिक २०० मेगाहर्ट्झ. रॅम ३६०० वर, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८००, म्हणजे दोन्ही एकास एक (३६०० च्या डीडीआर रॅमचा खरा क्लॉक १८०० च).

कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३० वर ठेवला तर सिनेबेंच ही सगळ्या कोरना ताण देणारी चाचणी तासभर व्यवस्थित चालतं, आणि रात्री नुसता ब्राउझर उघडा असताना मशीन रीस्टार्ट होतं. कारण सरळ आहे: पूर्ण लोडवर वेग कमी असतो, एकट्या कोरला जेव्हा सर्वात वरचा बूस्ट मिळतो तेव्हाच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून तपासणी कोअरसायकलर या फुकट प्रोग्रामने, एकेक कोर, रात्रभर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर १८ (हार्डवेअर बिघाडाची नोंद) दिसला की दोषी कोर शोधून त्याचाच आकडा ५ ने सैल करा. सहसा पसंतीचे म्हणून खूण केलेले दोन कोरच आधी कुरकुरतात. इथे ते उणे १० वर थांबले, बाकीचे उणे २५ वर.

प्रोसेसरसोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर हिवाळ्यात पुरतो. एप्रिल-मेमध्ये, खोलीच ३५ अंशांवर असताना, पूर्ण लोडवर तो ९० अंशांच्या मर्यादेला भिडतो आणि पंखा घरघरतो. तेव्हा पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) ७६ वरून ६० वॅटवर आणा. गेममध्ये फरक जाणवत नाही, एन्कोडिंग थोडं रेंगाळतं. बायोसमध्ये उन्हाळ्याची वेगळी प्रोफाइल ठेवता येते, पण पुढच्या अपडेटला ती पुसली जाते, तेव्हा स्क्रीनचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.